सोडावं की मोजावं

“मग तो गूळ परत तोंडात कधी घातलास?”

“पाच वर्षांनी, माताजी. नियम पुरा झाला त्या दिवशी.”

“आणि मधल्या पाच वर्षांत?”

“एक खडासुद्धा नाही.”

हे सांगताना राजमतीची मान जराशी ताठ झाली. तशी ती ताठ होण्यासारखीच गोष्ट होती. श्रेणिक सहा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, आणि तिनं गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पार्श्वनाथांच्या मूर्तीपुढं उभं राहून बोलून टाकलं होतं: पोर उठून बसू दे, पाच वर्षं गूळ खाणार नाही. पोर उठून बसलं. पाच संक्रांती तिनं तिळाचे लाडू वळले, आणि हाताला लागलेला पाक चाटला नाही, धुऊन टाकला. तेही उसाच्या गावात, जिथं थंडी पडली की गुऱ्हाळाचा वास अंथरुणापर्यंत येतो.

“असे किती नियम झाले?”

“ते नाही मोजले ओ. चतुर्दशीचा उपास आहे. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही, ते तर लग्न होऊन आले तेव्हापासून. रात्र ओलांडलेलं अन्न नाही. नियम घेतला की मी मोडत नाही.”

“मग आता काय अडलं?”

राजमतीनं पदर सारखा केला. गुडघा वाकत नव्हता म्हणून ती एक पाय पसरून बसली होती. गुरूपुढं असं बसायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण इलाज नव्हता.

“नियम मोडत नाही, माताजी... आणि वजन हलत नाही.”

माताजी हसल्या. हसताना त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलत.

कृष्णाकाठच्या त्या गावात जैन साध्वी आर्यिका निर्मोहमती माताजींचा चातुर्मास चालला होता. पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी, पाण्याचा कमंडलू, बसायला एक लाकडी फळी. याहून जास्त त्यांच्याकडं काही नव्हतं. दसरा होऊन गेला होता. दिवाळी झाली की त्या पायी पुढच्या गावाला निघणार होत्या. दुपारचं सामायिक, ध्यान आटपलं होतं, बायका घरी गेल्या होत्या, आणि बस्तीच्या ओवरीत त्या दोघीच होत्या.

“जेवणाच्या गप्पा म्हणजे भक्तकथा, अन्नाची कथा,” माताजी म्हणाल्या. “साधूनं करू नयेत. पाप लागतं मला.”

“मग जाऊ का मी?”

“बस. थोडं लागू दे.”

राजमती बसली.

“पावसाळ्याच्या तोंडाला मी न्हाणीत पडले, माताजी. अर्धा तास उठता आलं नाही. हाक मारली... पण हाक ऐकायला घरात होतं कोण? शेवटी बादलीला धरून उठले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यावर भार आहे, साखरही वाढली आहे, वजन उतरवा. श्रेणिक हैदराबादला असतो. तो म्हणाला, आई, दिवाळीला येतो. काट्यावर दोन किलो तरी कमी दिसलं, तर राहा तिथं. नाही तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर निघायचं.”

“वाईट नाही म्हणत.”

“वाईट नाहीच ओ. सूनही गुणाची आहे. पण चौदावा मजला. तिथं दिवे लागल्यावर सगळे जेवायला बसतात, मी तेव्हा काय करू, त्यांच्या ताटांकडं बघत बसू? आणि...”

“आणि?”

“माझं घर इथं आहे.”

“घरात कोण आहे?”

“कोण असणार? मीच.”

माताजींनी पिंछीची पिसं बोटांनी सारखी केली.

“गोळी चालू आहे ना साखरेची?”

“हो.”

“ती सोडू नकोस. कुणी काही सांगो. आता तुझा प्रश्न विचार.”

“सोडू, की मोजू?”

प्रश्न एवढाच होता. पण त्याच्यामागं दोन माणसं उभी होती.

पहिली कमलाक्का, राजमतीची थोरली जाऊ. भावाभावांच्या वाटण्या होऊन बावीस वर्षं झाली. घराच्या मधोमध भिंत आली, परड्यातही आली, फक्त परड्यातली छातीइतकी. कमलाक्काही एकटीच होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, दोन्ही लेकी दिल्या घरी. भिंतीच्या त्या बाजूनं ती बोलायची, या बाजूनं राजमती. कमलाक्कानं वर्षाच्या आत अकरा किलो वजन उतरवलं होतं आणि गावभर तिचं नाव झालं होतं.

“सोड गं राजू,” ती भिंतीवर कोपर टेकून सांगायची. “भात सोड, भाकरी सोड, पोळी सोड. पीठ म्हणून दिसलं की तोंड फिरव. बटाटा, रताळं तर आपल्यात नाहीच. निम्मं काम तीर्थंकरांनीच करून ठेवलंय!”

दुसरा श्रेणिक. त्यानं स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पाठवला होता आणि फोनवर एक अॅप घालून दिलं होतं.

“आई, काकूचं ऐकू नको. काही सोडायचं नाही. भात खा, भाकरी खा, मोजून खा. दिवसाला बाराशे कॅलरी. जे खाशील ते फोनमध्ये घालायचं, बेरीज तो करतो.”

“माझा गुरू आता फोन का रे?”

“फोन खोटं बोलत नाही, आई.”

जाऊ म्हणाली सोड, मुलगा म्हणाला मोज. मग राजमतीनं शास्त्र धरलं.

“मी विचार केला, माताजी. सोडणं म्हणजे रसपरित्याग. आवडीची वस्तू टाकायची. मोजणं म्हणजे ऊनोदर. भुकेपेक्षा कमी खायचं. दोन्ही तपात आहेत. तर यातलं मोठं कुठलं? जे मोठं, त्याचा नियम मला द्या. दिवाळीपर्यंत. मोडणार नाही.”

“दोन्ही करून बघितलंस?”

“श्रावणात एकवीस दिवस सोडून बघितलं. भात नाही, भाकरी नाही. एक दिवस चुकले नाही.”

“मग खाल्लंस काय?”

“मुगाची धिरडी, पनीर, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी.”

“धिरडी किती?”

“चार.”

“चार कशी ठरवली?”

“ठरवायचं काय त्यात... दोन न् दोन.”

माताजींची भुवई जराशी वर गेली. राजमतीच्या ते ध्यानात आलं नाही.

“काटा हलला?”

“अर्धा किलो वर गेला. मग भादव्यात मोजायला घेतलं. अर्धी वाटी भात, एक भाकरी, आमटी, भाजी. सगळं काट्यावर ठेवून. दोन वेळचं मिळून हजारच्या वर कधी जात नव्हतं, बाराशेची परवानगी असून! श्रेणिक म्हणाला, आई, तू माझ्यापेक्षा शिस्तीची. पण काटा तिथंच. मग तो म्हणाला, आई, काहीतरी घालायचं राहतंय तुझं. मी म्हटलं, तुझी आई नियमात चोरी करेल होय रे? दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.”

“ताटात वाढलेलं सगळं फोनमध्ये घालायचीस?”

“सगळं. वरची तुपाची धारसुद्धा.”

“आणि पातेल्यातलं?”

“पातेल्यातलं कसं घालणार? ते माझं जेवण नव्हे.”

“मग ते जायचं कुठं?”

“ते... उरलेलं असतं, माताजी. दिवस मावळायच्या आत संपवायला लागतं. रात्र ओलांडली की आपल्याला चालत नाही, आणि अन्न टाकवत नाही. पूर्वी गाईला घालत होते. गाय विकली. शेजारी द्यायचं तर उरलेलं दुसऱ्याच्या हातावर कसं ठेवायचं? मग मी ओट्याशी उभ्या उभ्या...”



“रोज?”

“रोज.”

“सकाळी शिजवताना कमी घालायचं.”

“मी कमीच घालते.”

“दाखव.”

“काय?”

“तांदूळ कसे घेतेस ते. हा समज डबा.” माताजींनी समोरच्या रिकाम्या फरशीकडं बोट केलं. “ही वाटी. घे.”

राजमतीला हसू आलं. साठीला आलेल्या बाईनं हे काय भातुकलीसारखं. पण सांगणारी गुरू होती. तिनं झाकण काढल्यासारखं केलं, हात खाली नेला, वाटी भरली, तळव्यानं वरची शीग सपाट केली, पातेल्यात ओतली. मग हात परत खाली गेला, वाटी भरली, सपाट केली, ओतली. मग तिनं झाकण लावलं.

“परत दाखव.”

तिनं परत दाखवलं. एकदा. आणि पुन्हा एकदा. मग झाकण.

“आता एकच वाटी घे.”

“एकच?”

“एकच.”

राजमतीनं हात खाली नेला, वाटी भरली, सपाट केली, ओतली. झाकणाकडं वळायच्या ऐवजी हात पुन्हा डब्याकडं गेला. तिनं तो अर्ध्या वाटेत बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

ओवरीत कबुतरं घुमत होती.

“घास न् घास मोजलास,” माताजी म्हणाल्या. “ताटं मोजलीस?”

राजमती हाताकडं बघत राहिली.

“दुसरी वाटी कुणाची?”

राजमतीनं हात मांडीवर उलटा ठेवला.

“बाई?”

“ह्यांची,” ती म्हणाली.

जिनगोंडा मगदूम जाऊन दोन वर्षं झाली होती. शेतातून येऊन हातपाय धुऊन बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेले. आपल्यात मेलेल्या माणसाला ताट वाढत नाहीत, पिंड नाही, पान नाही. ती तसलं काही करतही नव्हती. ती फक्त दोन वाट्या तांदूळ घ्यायची. श्रेणिक हैदराबादला गेल्यापासून दोघांसाठी घ्यायची तसे. आणि दिवस मावळायच्या आत, अन्न टाकायचं नाही म्हणून, त्यांचं जेवण ती जेवायची.

ती रडली नाही. तिनं पदराचं टोक नुसतं मुठीत धरलं.

“उद्यापासून एक वाटी घेते, माताजी.”

“नको.”

“मग?”

“तुझा हात अजून एका वाटीला तयार नाही. त्याला धाकात ठेवू नकोस. दोनच घे.”

“दोन घेऊन वजन कसं उतरायचं?”

“दुसरं ताट तू जेवायचं नाहीस. एवढंच.”

“ते जेवायचं कुणी?”

“आम्ही सकाळी आहाराला निघालो की तुम्ही दारात उभ्या राहता ना? थांबा, थांबा, अन्न शुद्ध आहे, पाणी शुद्ध आहे, आत या. कालही तू त्या पाटलांच्या चौक्यात, आमच्या आहाराच्या स्वयंपाकात होतीस. तुझीच हाक सगळ्यात मोठी होती.”

“हो.”

“तशी हाक मार.”

“कुणाला?”

माताजींनी समोरचा ग्रंथ उघडला. दुपारचा स्वाध्याय सुरू व्हायची वेळ झाली होती.

त्या दिवशी राजमतीनं चारला भात लावला. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ होता, शिजायला लागला की वास दाराबाहेर जातो. दोन ताटं घेतली. दुसरं घेताना तिला लाजल्यासारखं झालं. मग ती परड्यात गेली.

हाक मारायची म्हणजे पहिल्यांदा माणूस पाहिजे. गल्लीत सगळ्यांची घरं भरलेली होती. भरल्या घरातल्या माणसाला एकटीच्या घरी जेवायला बोलवायचं म्हणजे सतरा प्रश्न. राहिलं कोण?

भिंतीपलीकडं कमलाक्का वाळवणाचं फडकं झटकत होती.

“अक्का.”

“काय गं?”

“जेवायला ये.”

फडकं झटकायचं थांबलं.

“आज काय आहे तुझ्याकडं?”

“काही नाही. भात टाकलाय.”

“मला भात घालतेस? अकरा किलो काय फुकट उतरवलेत मी? स्वतः सोडवत नाही म्हणून दुसऱ्याचा नियम मोडायला निघालीस होय!”

“अर्धी वाटी घे. आमटी आहे.”

“नको बाई. मी काकडी चिरलीय. चार फुटाणे खाल्ले की माझं झालं. पोटाला सवय लागते.”

“तुझा गॅस तरी वाचेल.”

“गॅस!” कमलाक्का हसली. “संक्रांतीला लावलेला सिलिंडर अजून चालतोय माझा. तुझे किती झाले?”

राजमतीचे पाच झाले होते.

कमलाक्कानं फडक्याची घडी केली. झाली तरी ती भिंतीपासून हलली नाही.

“घनसाळ का गं?”

“हो.”

“वासावरून वाटलंच.” तिनं घडी उलगडली, परत घातली. “सासूबाई असताना मोठ्या पातेल्यात लागायचा. चौदा माणसं. खाली लागलेली खरवड तुला पाहिजे असायची न् मलाही.”

“तूच घ्यायचीस ती.”

“थोरली होते मी!”

“मग आज घे की. ये.”

कमलाक्कानं भिंतीकडं बघितलं. वीट न् वीट ओळखीची होती, ती लावताना दोघीही बाजूला उभ्या होत्या, एकमेकींशी न बोलता.

“नको,” ती म्हणाली. “सोडलंय ते सोडलंय.”

तिचं दार लागलं. राजमती आत आली, आपलं ताट जेवली. दुसऱ्या ताटासमोर बसून राहिली. खिडकीतलं ऊन चुलीपर्यंत आलं, भिंतीवर चढलं, गेलं. तिनं दुसऱ्या ताटाला हात लावला नाही. दिवस मावळला. आता ते कुणालाच चालणार नव्हतं.

घरात इतकं शांत होतं की पातेलं थंड होताना टक्‌ करून वाजलं ते तिला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओवरीत आली तेव्हा तिची मान ताठ नव्हती.

“वंदामि, माताजी.”

माताजींनी आशीर्वादाला हात उचलला. “हाक मारलीस?”

“मारली. आली नाही.”

“कोण?”

“कमलाक्का. माझी जाऊ.”

“भात?”

“तसाच राहिला. सकाळी पलीकडच्या गल्लीत जाऊन गाईला घातला. मी नाही खाल्ला.”

“बरं केलंस.”

“बरं काय त्यात... जन्मात पहिल्यांदा अन्न रात्रभर घरात राहिलं माझ्याकडं. झोप नाही लागली.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मला वाटतं, माताजी, सोडणंच मोठं. मोजण्यात राम नाही. तिच्याकडं बघा की! समोर भिंतीवरून घनसाळचा वास येतोय, मी बोलावते आहे, आणि ही बाई नको म्हणते. काकडी न् फुटाणे. संक्रांतीला लावलेला सिलिंडर अजून चालतो म्हणे तिचा. याला म्हणतात निग्रह.”

पिसांवरून फिरणारी माताजींची बोटं थांबली.

“कधी लावलेला म्हणालीस?”

“संक्रांतीला.”

“नऊ महिने झाले.”

“तेच सांगते. एवढा निग्रह माझ्यात कुठून येणार?”

“पूर्वी कसा होता तिचा हात? स्वयंपाकाला?”

“कमलाक्काचा? गावात तसा हात नाही. लग्नात आमटीला तिला न्यायचे लोक. शेजारच्या गावांतून निरोप यायचे. लेकी होत्या तोवर रोज काही ना काही... पुरण, आंबोळ्या...” राजमतीचं बोलणं सावकाश झालं. “आता करत नाही. लेकी गेल्या. भावजी गेले. परवा म्हणालीच, एकटीला...”

ते वाक्य तिनं कमलाक्काकडून वर्षभरात कितीदा ऐकलं होतं, भिंतीवरून, सहज, फडकं झटकताना. एकटीला काय करत बसायचं गं.

बाहेर कुणीतरी बस्तीच्या पायऱ्या झाडत होतं. खराट्याचा आवाज जवळ आला, लांब गेला.

“तिच्या उंबऱ्याच्या आत कधी गेली होतीस?”

“वाटण्या झाल्यावर... नाही, माताजी. बोलणं आहे आमचं. भिंतीवरून.”

“आणि ती तुझ्या?”

“हे गेले तेव्हा आली होती. दारापर्यंत. मी आत ये म्हटलं नाही. तेव्हा शुद्धच नव्हती मला.”

“नंतर?”

“नंतर... ती थोरली आहे. तिनं यायचं, मी जायचं, असं कोण आधी करणार म्हणून राहून गेलं.”

“काल तू बोलावलंस.”

“बोलावलं. देणं मला जमतं, माताजी. कुणीही येऊ दे, मी वाढते.” आणि मग, जरा दबून, “दुसऱ्याच्या दारी मात्र मी कधी जेवले नाही. लग्नकार्य सोडून. ह्यांना ठाऊक होतं ते. म्हणायचे, तुझा हात कायम वर.”

माताजींनी आपले दोन्ही हात पुढं केले आणि ओंजळ केली. रोज सकाळी त्या याच ओंजळीत जेवत. ताट नाही, वाटी नाही, ओंजळीत कुणी घालेल ते. रेषा पांढऱ्या पडलेली, बोटं पातळ झालेली ती रिकामी ओंजळ राजमतीनं पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली.

“दीक्षा घेऊन एकोणतीस वर्षं झाली,” माताजी म्हणाल्या. “घर सोडलं, माणसं सोडली, नाव सोडलं. उपास पुष्कळ झाले. पण जेवले तेव्हा... एकदाही एकटी जेवले नाही.”

राजमती त्या ओंजळीकडं बघत राहिली. जिनं सगळं सोडलं ती एकदाही एकटी जेवली नव्हती. आणि आपण, आपलं घर, आपली चूल, चार खोल्या, आणि दोन वर्षांत एकही घास कुणासमोर...

“दिवाळीला पंधरा दिवस राहिले, माताजी,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लहान वाटला. “श्रेणिक काटा बघणार. काटा हलला नाही तर घराला कुलूप. मला नियम द्या. सोडू म्हणाल तर सोडते, मोजू म्हणाल तर मोजते.”

“ह्यात पडतं ते मी निवडत नाही,” माताजी ओंजळीकडं बघत म्हणाल्या. “मोजतही नाही.”

“तुमची गोष्ट वेगळी.”

“का?”

राजमतीनं ओंजळीवरची नजर खाली नेली.

“तुझ्या जावेच्या दारात मी गेले, तर चूल पेटवेल ती?”

“तुम्ही गेलात तर? नाचेल ती, माताजी! पहाटे उठून सडा घालेल. चौका लावायला हाताशी माणूस नाही म्हणून राहिलीय, नाही तर...”

“मग माझ्यात असं काय आहे?”

“तुम्ही... तुम्ही जेवायला येता.”

शब्द तोंडातून गेले. पसरलेला पाय तिनं जवळ घेतला. गुडघा दुखला, तरी घेतला.

“नियम किती दिवसांचा, माताजी?” तिनं विचारलं.

“कुठला नियम?”

“जो द्याल तो.”

माताजी उठल्या. कमंडलू उचलला, पिंछीनं पुढची फरशी हलकेच झाडली आणि पाऊल टाकलं. ओवरीच्या तोंडाशी त्या थांबल्या.

“उद्या चूल पेटवू नकोस,” त्या म्हणाल्या. “हात धू आणि कमलच्या दारात जाऊन उभी राहा. मी आहाराला उभी राहते तशी... काही मागायचं नाही.”